तीस शेळ्या, एक बोकड: उस्मानाबादीच्या आनुवंशिक विविधतेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळंब तालुक्यात तुमच्याकडे तीस उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि चार वर्षं एकच बोकड आहे, देखणा, काळाभोर. पूर्वीच्या शेळ्या हमखास जुळी द्यायच्या. त्यांच्याच पोटच्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, आता एकेक करडू देतात, काही उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, आणि गेल्या पावसाळ्यात बरीच करडं महिन्याच्या आत गेली. मित्र म्हणतो बोअर या परदेशी जातीचा बोकड आण, रक्त बदलेल. प्रशिक्षणात ‘आनुवंशिक विविधता’ हा शब्द ऐकलात, पण तो शास्त्रज्ञांचा विषय की आपला, ते कळलं नाही.

तो तुमचाच विषय आहे. पण आधी एक काम करा. करडं मेली की लगेच रक्ताला दोष देऊ नका. जंतांचं औषध कधी पाजलं, पीपीआर या साथीच्या रोगाची लस टोचली का, गाभण शेळीला शेवटचा दीड महिना खुराक मिळाला का, आणि उलटलेल्या शेळ्यांची ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतूची) तपासणी झाली का, हे तपासा. माझ्याकडे ‘रक्त खराब झालं’ म्हणून आलेल्या कळपांपैकी कितीतरी नुसते उपाशी निघाले. तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट डोळ्यात भरते. चांगल्या आया अजून जुळी देतात आणि त्यांच्या लेकी देत नाहीत. चारा तोच, गोठा तोच, मालक तोच. मग मधे बदललं काय, तर बाप. त्या लेकी ज्या बोकडाच्या, त्याच्याच खाली त्या पुन्हा फळल्या.

आकडा मांडतो. बाप आणि लेक यांच्या संबंधातून झालेल्या करडात अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं, प्रमाण २५ टक्के असतं. म्हणजे त्याच्या जनुकांच्या शंभर जोड्या घेतल्या, तर सरासरी पंचवीस जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतात. ती पाट मोठी होऊन पुन्हा त्याच बोकडाला लागली, तर पुढच्या करडात हेच प्रमाण साडेसदतीस टक्क्यांवर जातं. चार वर्षांत हे सहज घडतं, कारण पाट आठ-दहा महिन्यांत माजावर येते आणि शेळीचा गाभणकाळ अवघा पाच महिन्यांचा.

यात बिघडतं काय? प्रत्येक जनावरात काही दोषयुक्त जनुकं दबून असतात. जोडीतली दुसरी प्रत चांगली असेल तर दोष वर येत नाही. दोन्ही प्रती तशाच आल्या की येतो. आणि तो पहिल्यांदा दिसतो तो गाभ राहण्यात, जन्मवजनात, करडाच्या तग धरण्यात. रंगात दिसत नाही, शिंगात दिसत नाही. उलट कळप जास्त एकसारखा, जास्त ‘जातिवंत’ दिसायला लागतो. इथंच माणूस फसतो. काळ्याभोर, एका छापाच्या शेळ्या दावणीला बांधलेल्या बघून बाहेरचे लोक वाहवा करतात, आणि आतून कळप पोकळ झालेला असतो. खरं तर उस्मानाबादी म्हणजे नुसती काळी, हेही अर्धसत्य. बहुसंख्य शेळ्या काळ्या असतात, पण तपकिरी, पांढरे ठिपके असलेल्या, कानावर पांढरं असलेल्या शेळ्याही तितक्याच उस्मानाबादी. बाजाराने काळ्या रंगाला भाव दिला, म्हणून आपण बाकीच्या कमी केल्या. त्यांच्याबरोबर आणखी काय काय गेलं, ते कोणी मोजलं नाही.

आता ‘विविधता’ या शब्दाकडे येऊ. दोन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो. एक विविधता जातीजातींमधली. महाराष्ट्राच्या चार नोंदणीकृत जाती आहेत. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूरची उस्मानाबादी (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं राहिलं). नाशिक, अहिल्यानगर, पुणे पट्ट्यातली बहुतेक पांढरी संगमनेरी. विदर्भातली बेरारी, जिला तिकडे गावरानीच म्हणतात; तांबूस अंग आणि पाठीवरून गेलेला गडद पट्टा. आणि सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ, काळ्या तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत पांढरे पट्टे असलेली. देशभरात नोंदणीकृत जाती पस्तीसच्या वर आहेत आणि ही नोंदणी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते.

दुसरी विविधता जातीच्या आतली, म्हणजे एका उस्मानाबादी शेळीत आणि दुसऱ्या उस्मानाबादी शेळीत असलेला फरक. रक्तातून किंवा कानाच्या तुकड्यातून डीएनए काढून जातींची तुलना केली, की प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते: एकूण फरकाचा मोठा वाटा जातीच्या आत असतो, जातीजातींमध्ये लहान. यामागे शेळीचा स्वभाव आहे. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बेझोआर नावाच्या रानशेळीपासून ती माणसाळली. तेव्हापासून ती माणसाबरोबर तांड्यात चालली, गलबतात चढली, आंदण म्हणून गेली, कर्जफेडीत गेली. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून शेळ्यांचे जे मोजके वंशगट पाडतात, त्यांतल्या ‘अ’ गटात जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त शेळ्या बसतात, मग ती शेळी युरोपातली असो की आपल्या उमरग्याची. गाय एवढी हिंडली नाही. म्हणून जात वाचली म्हणजे विविधता वाचली असं होत नाही. जात नावापुरती शाबूत आणि आतून एकाच बोकडाची लेकरं, असंही होऊ शकतं. तुमच्या गोठ्यात छोट्या प्रमाणावर तेच झालंय.

हे मोजायचा एक साधा हिशेब आहे, सातवीतल्या पोराला जमेल असा. पैदाशीचे बोकड गुणिले शेळ्या, त्याला चारने गुणा, आणि बोकड अधिक शेळ्या यांच्या बेरजेने भागा. येतो तो आकडा म्हणजे कळपाची परिणामकारक संख्या. डोकी कितीही असोत, आनुवंशिकदृष्ट्या कळप खरा किती जनावरांचा आहे ते हा आकडा सांगतो. तुमचे तीस शेळ्या आणि एक बोकड: १२० भागिले ३१, म्हणजे ३.९. तुमचा एकतीस जनावरांचा कळप प्रत्यक्षात चार जनावरांचा आहे.

आता शेळ्या दुप्पट करा, साठ. उत्तर येतं ३.९३. कर्ज काढून तीस शेळ्या वाढवल्या आणि विविधता आहे तिथंच राहिली. त्याऐवजी तीस शेळ्यांनाच दुसरा, नात्यात नसलेला बोकड लावा. उत्तर ७.५. एका बोकडाने जे झालं ते तीस शेळ्यांनी झालं नाही. गावाच्या पातळीवर बघा: चारशे शेळ्या, सहा बोकड, परिणामकारक संख्या साधारण २४. शेळ्या आठशे केल्या तरी २४ च. दोन बोकड वाढवले की ३१. जागतिक अन्न व कृषी संघटना किमान ५० चा आकडा सुचवते, कारण त्याच्या वर असलं तर दर पिढीला अंतःप्रजनन एका टक्क्याच्या आत राहतं. हे सूत्र बंद कळपासाठी आहे हे खरं. गावात बाहेरचा बोकड येतो, धनगरांच्या वाड्यावरचा एखादा वाटेत शेळ्यांना लागून जातो, आणि त्या फुकटच्या उपकारावरच आपल्या जाती इतकी वर्षं टिकल्या. बंदिस्त शेळीपालन सुरू केलं की ती वाट बंद होते. कुंपण घालताना हे कोणी सांगत नाही.

म्हणून २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातल्या शेळ्या १ कोटी ६ लाखांवर गेल्या, २०१२ पेक्षा सुमारे २५ टक्के वाढ, हे वाचून मला फार आनंद झाला नाही. वाढल्या त्या माद्या. बोकड कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यात जोमाने वाढणारं नर करडू आपण ठेवत नाही, विकतो. बकरी ईदला एक वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती, अंगाने भरलेला, कुठे खोट नसलेला बोकड लागतो. मुंबईत देवनारच्या बाजारात त्याला जो भाव मिळतो तो वर्षभराच्या संसाराला हातभार लावतो. बाकीची चांगली नरं खच्ची केली जातात, कारण खच्ची बोकड लवकर भरतो. मागे उरतं ते गिऱ्हाइकाने नाकारलेलं, किरटं करडू. आणि तेच नजर चुकवून गावभरच्या शेळ्यांना लागतं. म्हणजे दर वर्षी आपण निवड करतोच, फक्त उलटी. यात शेतकऱ्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. पोरीच्या फीचे पैसे समोर दिसत असताना बोकड पैदाशीसाठी ठेव म्हणणं सोपं आहे. पण उत्तम दोन नरं विकली नाहीत तर पुढच्या दोन वर्षांत किती करडं वाचतात, याचा हिशेब कोणी मांडून दाखवला तर माणसं ऐकतात, हा माझा अनुभव.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका योजनेत आम्ही दहा-बारा गावांना जातिवंत बोकड वाटले. सगळे एकाच प्रक्षेत्रावरचे. निवड मी केली आणि कशावर, तर रंग आणि उंचीवर. सगळे काळेशार, एका मापाचे; वाटपाच्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. दोन-तीन वर्षांनी एका गावातला बोकड म्हातारा झाला म्हणून शेजारच्या गावातला तिथे आणला, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, आणि आम्ही खूश की अदलाबदल चालू आहे. मग एकदा जुनं रजिस्टर चाळताना दिसलं की ते सगळे दोनच बोकडांचे मुलगे होते. आम्ही भाऊच भावाच्या जागी पाठवत होतो. गावं बदलली, रक्त बदललं नाही. तेव्हापासून बोकड बघायच्या आधी मी वही बघतो.

आता बोअर. बोअर जात वाईट नाही. दक्षिण आफ्रिकेत निवडीने मांसासाठी घडवलेली आहे, करडं झपाट्याने वाढतात, आणि पुरेसा खुराक असेल तर संकरित करडू बाजारात चांगले पैसे देतं. प्रश्न पुढचा आहे. पहिल्या पिढीच्या संकरित पाटी इतक्या देखण्या दिसतात की त्या विकाव्याशा वाटत नाहीत. त्या ठेवल्या, पुन्हा बोअरला किंवा आपसात लावल्या, की तिसऱ्या पिढीत ना बोअरचं वजन उरतं ना उस्मानाबादीचं काटकपण. बाभळीच्या शेंगा, हिवराचा पाला आणि एप्रिलच्या उन्हात दहा किलोमीटर चाल, एवढ्यावर जुळी करडं वाढवणं हा गुण कोणा एकाने घडवलेला नाही. शंभर दुष्काळांनी तो गाळून ठेवलाय. जुळ्यांचा गुण तर वारशाने फार हळू सरकतो. निवडीने मिळवायला पिढ्या लागतात आणि घालवायला एक चुकीचा बोकड पुरतो. सिरोहीचंही तसंच. राजस्थानात ती उत्तम आहे, पण बहुतेक वेताला एकच करडू देते. जुळी कमी झाली म्हणून सिरोही आणणं म्हणजे ताप आला म्हणून घोंगडी पांघरणं.

करायचंच असेल तर असं करा. शेळ्यांतल्या सगळ्यात कमकुवत पाच-सात वेगळ्या काढा, त्यांना संकरासाठी बोअर लावा, आणि त्यांची सगळी करडं, नर आणि मादी दोन्ही, विकून टाका. एकही पाट मागे ठेवायची नाही. एवढा संयम असेल तर संकर हा धंदा आहे. नसेल तर तो कळपाचा शेवट आहे. संगमनेरीचं काय झालंय ते बघा. नाशिक-पुणे रस्ता, चाकणसारखा बाजार, राजस्थानातून येणारे ट्रक. पांढरी दिसली की तिला संगमनेरी म्हणून विकतात, मग तिच्यात राजस्थानची सोजत असो की आणखी काही. मूळ पट्ट्यातच खात्रीची शेळी हुडकायला वाडीवस्तीवर हिंडावं लागतं.

कीर्तीने जात वाचते असंही नाही. जमनापारीचं उदाहरण घ्या. यमुना आणि चंबळच्या घळींमधली, इटावा जिल्ह्यात चकरनगरच्या आसपासची ही शेळी. तिचं रक्त इंग्लंडात अँग्लो-न्यूबियन घडवायला वापरलं गेलं. इंडोनेशियात आजही ‘पेरानाकान एतावा’ नावाची जात आहे, ते एतावा म्हणजे आपलं इटावा. देशभरात ‘सुधारणा’ करायला जमनापारीचे बोकड गेले. आणि घरच्या घळींमध्ये शुद्ध जमनापारी इतकी कमी झाली की तिच्या संवर्धनासाठी वेगळे प्रयत्न करावे लागले.

उलट बाजूचं एक उदाहरण आहे, मेंढीचं आहे पण आपल्या फलटणचं आहे. सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी, पाण्यात पाय बुडवून चरणारी मेंढी आहे. अंगाला मांस नाही. कोणी पारितोषिक द्यावं असं तिच्यात काही दिसत नाही. पण तिच्यात जास्त पिल्लं देणारं एक जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आणि जुळं देणारी सुवर्णा मेंढी तयार केली. बंगालच्या गरीब माणसांनी ती बुटकी मेंढी ‘किरटी’ म्हणून टाकून दिली असती तर फलटणला काय आणलं असतं? कोकण कन्याळकडे मी याच नजरेने बघतो. कोकणच्या मुसळधार पावसात, सततच्या ओलीत, जंत आणि खुरांच्या कुजीला तोंड देत ती उभी राहते. घाटावरची शेळी तिथे नेऊन बघा, पहिल्याच श्रावणात लंगडते.

आता तुमच्या गोठ्यापुरतं. सध्याचा बोकड खाटकाला देऊ नका, त्याचा दोष नाही. जिथं त्याच्या लेकी नाहीत अशा लांबच्या गावात तो चांगलं काम करेल. त्याच्या जागी एकाऐवजी दोन उस्मानाबादी बोकड आणा, दोन वेगळ्या तालुक्यांतून. एक परांड्याकडचा, एक उदगीरकडचा असला तर फार बरं. कर्नाटकातल्या बीदर भागातही ही जात आहे. दोघांचे कप्पे वेगळे ठेवा, म्हणजे कोणतं करडू कोणाचं ते कळेल. साधारण वर्षभरात, म्हणजे त्यांच्या लेकी माजावर यायच्या आत, ते हलले पाहिजेत. एकट्याला दोन बोकड पोसणं जड जात असेल तर पाच जण एकत्र या आणि बोकड गोल फिरवा: पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, कायम एकाच दिशेने. उलटा फिरला की साखळी तुटते. अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला सांभाळायला दिलेल्या शेळ्याही यात धरा, त्या आपल्याच कळपाच्या असतात हे लोक विसरतात.

बोकड फिरतो तसा रोगही फिरतो, म्हणून नव्या बोकडाची ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, लसी पूर्ण करा आणि तीन आठवडे वेगळा बांधा. नर करडं तीन-साडेतीन महिन्यांची झाली की आयांपासून तोडा. पाच महिन्यांचं पोरगं आईला आणि बहिणीला लागतं आणि मालकाला पत्ता नसतो. अंतःप्रजननाची बरीच प्रकरणं मोठ्या बोकडाची नसून या पोरट्यांची असतात.

कानात बिल्ला आणि घरात वही, एवढं पुरे. तारीख, आई, बाप, एकटं की जुळं, जन्मवजन, तीन महिन्यांचं वजन. कृत्रिम रेतन मिळत असेल तर जरूर करा, पण वीर्याच्या कांडीवरचा बोकडाचा क्रमांक लिहून घ्या. जिल्हाभर एकाच नामांकित बोकडाच्या कांड्या गेल्या तर आपण गावाची चूक जिल्ह्याला करतो.

शेळ्या माजावर यायच्या आधी महिनाभर बोकड घरात हवा. आणायला जाताना एकटा बोकड बघून सौदा करू नका. त्याची आई बघायला मागा, तिची कास बघा, मागच्या दोन वेतांत तिने किती करडं दिली आणि किती जगवली ते विचारा. जमल्यास शेजाऱ्यालाही विचारा. बोकडाची दोन्ही वृषणं सारखी आणि घट्ट आहेत का ते हाताने तपासा. तो थोडा तपकिरी असला, कपाळावर पांढरा ठिपका असला तरी चालेल. आई दाखवायला मालकाने टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या.